बारापैकी चारच? वर्षभराच्या विणकामाचा हिशेब पुन्हा मांडू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षाच्या सुरुवातीला बारा गोष्टी ठरवल्या होत्या: दोन स्वेटर, सहा जोड मोजे, एक त्रिकोणी शाल, ४८ चौकोनांचं क्रोशाचं ब्लँकेट, टकळीवर सूत कातायला शिकणं आणि वर्षभर नवी लोकर न घेणं. त्यातला एक स्वेटर आणि मोज्यांचे तीन जोड पूर्ण झाले. दुसऱ्या स्वेटरचं धड झालंय, बाह्या राहिल्यात. चौथ्या जोडातला एकच मोजा तयार आहे. शाल १०० ओळींपैकी ६०व्या ओळीवर थांबली. ब्लँकेटचे सगळे चौकोन झालेत, पण सुटे पडलेत. टकळीवर थोडं जाडंबारीक सूत निघालं, आणि नवी लोकर घेतली गेलीच. त्यात पूर्ण झालेला स्वेटर ढगळ झाला म्हणून कपाटातच आहे. आठवड्याला साधारण चार तास मिळतात. बारापैकी चार, म्हणजे वर्ष वाया गेलं का, आणि पुढच्या वर्षी काय ठरवावं?

वर्ष वाया गेलेलं नाही. हे तुमची समजूत घालायला म्हणत नाही, टाके मोजून दाखवते.

छाती १०० सेंटीमीटर आणि लांबी ६० सेंटीमीटर असा साधा स्वेटर घ्या. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात असं धरू. धडाचा घेर २२० टाक्यांचा आणि ओळी १८०, म्हणजे ३९,६०० टाके. बाही ४५ सेंटीमीटर लांब, सरासरी ७० टाके रुंद आणि १३५ ओळींची धरली तर एका बाहीत ९,४५० आणि दोन बाह्यांत १८,९०० टाके. एकूण झाले ५८,५००. मिनिटाला २५ टाके हा शांतपणे विणणाऱ्या माणसाचा वेग धरला तर नुसत्या विणण्याला ३९ तास लागतात. त्यात माप बघण्यासाठी आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणणं, पॅटर्न वाचणं, गळ्याचे टाके उचलणं, चुकलेली ओळ उसवणं, टोकं लपवणं, धुऊन मापात सुकवणं हे सगळं आलं की एका स्वेटरचे ६० तास सहज होतात. ६४ टाक्यांच्या साध्या मोज्यात ११,००० च्या आसपास टाके असतात. टाचेची वळणं आणि बोटांकडचं बंद करणं धरून जोडीला २० तास द्यावे लागतात. शालीला ३० तास, ब्लँकेटला जोडणीसकट ४०, आणि टकळीवर हात बसायला निदान ३०.

आता तुमची यादी याच मापाने मोजा. दोन स्वेटर १२०, सहा जोड मोजे १२०, शाल ३०, ब्लँकेट ४०, टकळी ३०. बेरीज ३४० तास. तुमच्याकडे वर्षाला आठवडी चार तासांनी २०८ तास होते. यादी पहिल्या दिवसापासूनच वर्षापेक्षा मोठी होती.

आणि तुम्ही प्रत्यक्षात किती काम केलं? पूर्ण स्वेटरचे ६० तास, दुसऱ्याच्या धडाचे ४०, साडेतीन जोड मोज्यांचे ७०, चौकोनांचे अर्ध्या तासाला एक या हिशेबाने २४ आणि शालीचे ११. शालीच्या ११ तासांचं गणित पुढे येईल. ही बेरीज २०५ होते. मिळालेला जवळजवळ प्रत्येक तास तुम्ही सुईवर खर्च केलात. वर्षभर इतकं सातत्य ठेवणारी माणसं मी शिकवताना फार कमी पाहिली आहेत, आणि ती सगळी तुमच्यासारखीच ‘चारच झाल्या’ असं म्हणत येतात.

पूर्ण वस्तूंची संख्या हे माप विणकामाला लागू पडत नाही. कानटोपी आणि शाल दोन्ही ‘एक’ मोजल्या जातात, आणि ९० टक्के झालेला स्वेटर ‘शून्य’. वर्षाचा आढावा घ्यायचा तर अर्धवट कामांकडे नीट बघा. कुठलंही काम मध्येच सोडलं जातं तेव्हा ते कुठल्या जागी सुटलं याला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा कापडातच सापडतं, तुमच्या स्वभावात शोधावं लागत नाही. तुमची चारही कामं अगदी ओळखीच्या जागी थांबली आहेत.

शालीपासून सुरुवात करू. वरून मध्यातून सुरू होणाऱ्या त्रिकोणी शालीत दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढतात. पहिल्या ओळी पाच-दहा टाक्यांच्या असतात, शेवटच्या दोनशेच्या पुढे जातात. पॅटर्नमध्ये मात्र सगळ्या ओळी सारख्याच मोजल्या जातात. त्यामुळे १०० ओळींपैकी ५० झाल्या की निम्मं झालं असं मन धरतं, आणि तेव्हा झालेलं असतं फक्त पाव. खरा मध्य ७१व्या ओळीच्या आसपास येतो. शेवटच्या दहा ओळींत एकूण कामाचा जवळपास पाचवा हिस्सा असतो. तुम्ही ६०व्या ओळीवर थांबलात तेव्हा ३६ टक्के काम झालं होतं, ३० तासांच्या हिशेबात सुमारे ११ तास. ‘अर्ध्याच्या पुढे गेले तरी संपतच नाही’ असा जो कंटाळा येतो तो या गणितातून येतो. हे आधी माहीत असेल तर तो येत नाही, निदान तेवढा येत नाही. मधल्या बिंदूपासून फेऱ्याफेऱ्यांनी वाढणारं गोल किंवा चौकोनी ब्लँकेटही याच नियमाने चालतं. अशा कामांत ओळी मोजू नका, वजन मोजा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा असला की गुंड्यातून किती लोकर गेली ते कळतं. १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या सुतात एक ग्रॅम म्हणजे चार मीटर. शेवटी टाके बंद करायला लोकर पुरेल का याचं उत्तरही तोच काटा देतो. बंद करायला काठाच्या लांबीच्या साधारण तिप्पट ते चौपट सूत लागतं, नक्षीदार किंवा सैल बंदाला त्याहून अधिक.

बाह्यांचं दुखणं वेगळं आहे. वरच्या हिशेबात बाह्या एकूण टाक्यांच्या ३२ टक्के होत्या. धड संपून खालची रिब (सुलट-उलट टाक्यांची ताणणारी पट्टी) बंद झाली की स्वेटर अंगात घालून बघता येतो, आरशात तो झालेलाच दिसतो, आणि अजून तृतीयांश काम शिल्लक असतं. शिवाय ते दोनदा करायचं असतं, आणि दर काही फेऱ्यांनी टाके कमी करत. गळ्याकडून खाली विणला जाणारा स्वेटर असेल तर धडाचा सगळा भार मांडीवर घेऊन छोट्या घेरात विणावं लागतं, प्रत्येक फेरीला तो गरगर फिरवावा लागतो. मी अशा स्वेटरमध्ये मुंढ्याखाली पंधरा-वीस सेंटीमीटर धड विणून झालं की ते टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवते, दोन्ही बाह्या आधी पुऱ्या करते आणि मग धडाकडे परत येते. बाह्या विणताना पोटाकडचा भाग लहान असतो, आणि उरलेली सगळी लोकर धडाच्या लांबीला वापरता येते. लोकर कमी पडली तर स्वेटर चार बोटं आखूड होतो, एक बाही आखूड होत नाही.

दुसरा मोजा न विणला जाण्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या मोज्याची नोंद नसणं हे असतं. पहिला मोजा विणताना आपण पायावर चढवून बघतो, दोन फेऱ्या वाढवतो, टाच आपल्या सोयीने वळवतो. दुसऱ्याच्या वेळी तो सगळा निर्णय पुन्हा उलगडून वाचावा लागतो, तोही विणलेल्या कापडातून फेऱ्या मोजत. लवचीक लांब दोरीच्या एकाच सर्क्युलर सुईवर दोन्ही मोजे शेजारी शेजारी विणता येतात. ती पद्धत जमत नसेल तर सुयांचे दोन संच घ्या आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा: दोन्हींचा घोट्यावरचा भाग, मग दोन्हींच्या टाचा, मग दोन्ही पाऊलभाग. टाच वळवण्याची कृती डोक्यात ताजी असतानाच ती दुसऱ्यांदा होते. माझ्या मते एका सुईवर दोन मोजे विणण्यापेक्षा हीच पद्धत चांगली, कारण दोन गुंडे एकमेकांत अडकत नाहीत.

ब्लँकेटच्या चौकोनांबद्दल तर तुमचा काहीच दोष नाही. ४८ चौकोन, प्रत्येकात चार रंग, प्रत्येक रंगाची दोन टोकं. ३८४ टोकं झाली. एकेका टोकाला एक मिनिट धरलं तरी जवळपास साडेसहा तास नुसते टोकं लपवण्यात जाणार, आणि त्यानंतर जोडणी. हे काम शेवटी एकत्र करायचं नसतंच. प्रत्येक फेरीचे खांब (क्रोशाचे उंच टाके) घालताना मागच्या रंगाचं टोक आतून धरून त्यावरूनच विणत जायचं, आणि चौकोनांची एक रांग झाली की ती लगेच जोडून टाकायची. क्रोशात शेवटच्या फेरीतच शेजारच्या चौकोनाला साखळीतून अडकवत जाता येतं, वेगळी शिवण लागत नाही. तुमचे चौकोन पूर्ण बंद झालेत, त्यामुळे आता ते काम थोडं थोडं करून उरकू: एका बैठकीला सहा चौकोनांची टोकं, तेवढेच चौकोन जोडायचे, आणि थांबायचं. आठ बैठकांत ब्लँकेट तयार होतं. टोकं लपवताना एकाच दिशेने नेऊन कापू नका, एकदा तरी उलट वळवा, नाहीतर धुण्यात ती बाहेर येतात. सुती सुताला तर हे जास्तच लागू, कारण लोकरीच्या तंतूंवर असतात तसे खवले कापसाला नसतात आणि तो एकमेकांना धरून राहत नाही.

आता तो ढगळ स्वेटर. माझ्या दृष्टीने तुमच्या वर्षातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, राहिलेल्या आठ गोष्टींपेक्षाही. पॅटर्न २२ टाक्यांचा होता, आणि तुमच्या हाताला प्रत्यक्षात २० बसत असतील, तर तेच २२० टाके १०० ऐवजी ११० सेंटीमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक नमुन्याच्या तुकड्यावर डोळ्याला दिसतही नाही, अंगावर तो दहा सेंटीमीटर होऊन येतो. तुकडा विणला होता का, आणि विणला असेल तर धुतला होता का, हे आठवून बघा. न धुता मोजलेलं माप स्वेटरला उपयोगी पडत नाही, कारण स्वेटर धुतला जाणारच असतो. मशीनमध्ये धुता येईल अशी लोकर असेल तर हे दुप्पट लागू आहे. अशा लोकरीच्या तंतूंवरचे खवले क्लोरीनने गुळगुळीत केलेले असतात आणि वर बहुतेक वेळा पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे ती आटत नाही, पण तंतूंची एकमेकांवरची पकडही जाते आणि ओला कपडा लांब-रुंद पसरतो. सुती किंवा बांबूच्या सुतात आणखी वेगळा प्रश्न. कापूस लोकरीपेक्षा जड असतो आणि त्याला ताण सोडल्यावर परत येण्याची ओढ नसते, म्हणून लांब सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो.

तुकडा निदान १५ सेंटीमीटर लांब-रुंद विणा, मध्यातले १० सेंटीमीटर मोजा. काठाजवळचे टाके खोटं बोलतात. स्वेटर गोलात विणायचा असेल तर तुकडाही गोलात विणा, कारण पुष्कळ जणांची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल जाते. स्वेटर जसा धुणार तसाच तो तुकडा धुवा, सुकू द्या, आणि नंतर चिठ्ठी लावून ठेवून द्या: सुईचा नंबर, लोकरीचं नाव, लॉट नंबर, धुण्याआधीचं आणि नंतरचं माप. माझ्याकडे अशा तुकड्यांची एक पेटीच आहे. वर्ष संपताना मी आधी ती उघडते, तयार वस्तू नंतर बघते. माझा हात वर्षभरात कुठे सैल झाला, कुठे घट्ट, ते त्या तुकड्यांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

तो स्वेटर वाचवता येईल का? लोकर साधी, न प्रक्रिया केलेली असेल आणि फरक थोडा असेल तर कधी कधी कोमट पाण्यातून काढून, दाबून मापात सुकवल्यावर दोन-तीन सेंटीमीटर आवरतो. दहा सेंटीमीटर आवरणार नाही. मुद्दाम आटवायच्या फंदात पडू नका. तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटतो आणि एकदा घट्ट झाला की परतीचा रस्ता नाही. ज्याला तो नेमका बसेल अशा माणसाला द्या, किंवा उसवा. उसवलेली लोकर वाकडी-तिकडी राहते. ती लडीत गुंडाळून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, आणि वजन न लावता टांगून वाळवा. वळ्या निघून जातात. उसवणं हा काम संपवण्याचाच एक रीतसर मार्ग आहे, आणि आढाव्यात तो ‘पूर्ण’ या रकान्यात लिहायला हरकत नाही. लोकर मोकळी झाली, सुई मोकळी झाली, आणि त्या मापाबद्दल तुम्हाला आता पक्कं कळलं आहे.

नवी लोकर न घेण्याबद्दल. ‘अमुक करायचं नाही’ अशी उद्दिष्टं या छंदात टिकत नाहीत, कारण ती लोकरीच्या एका गुंड्याने मोडतात आणि मोडल्यावर उरलेल्या वर्षाला काही अर्थ राहत नाही. त्यापेक्षा साठा मीटरमध्ये मोजा. वरच्या हिशेबातच एक उपयोगी आकडा दडला आहे. मध्यम लोकरीच्या स्वेटरला साधारण १,२०० मीटर आणि ६० तास लागतात, बारीक लोकरीच्या मोज्यांना ३८० मीटर आणि २० तास. दोन्हींत ताशी वीस मीटरच्या आसपास सूत जातं. क्रोशात ते जास्त जातं, पण विणकामापुरता हा अंदाज बराच नीट बसतो. तुमच्या २०८ तासांत वर्षाला चार हजार मीटरच्या जरा वर लोकर संपते. साठ्यातल्या गुंड्यांचं वजन करा, लेबलवरून एका ग्रॅमला किती मीटर ते काढा आणि त्याने गुणा. उत्तर १२,००० आलं तर घरात तीन वर्षांचं काम आहे. हा आकडा एकदा वहीत लिहिला की नव्या लोकरीसमोर उभं राहिल्यावर ‘घेऊ नको’ असं स्वतःला बजावावं लागत नाही, ‘ही पुढच्या कुठल्या वर्षी विणली जाईल’ एवढाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर असेल तर जरूर घ्या. सुंदर लोकर हातात घेण्याचा आनंद या कलेचाच भाग आहे, तो कमी लेखण्यासारखा नाही.

वजन करायला साठा बाहेर काढाल तेव्हाच कसरही बघून घ्या. उडणारी कसर काही खात नाही, लोकर खाते ती तिची अळी. घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर तिला विशेष आवडते, म्हणून वापरलेले कपडे न धुता ठेवू नयेत. शंका आली तर लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. सूती आणि अ‍ॅक्रिलिकला ही भीती नाही. धुतलेलं लोकरी काम ठेवताना एक सांभाळा: लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. सुकली असं वाटल्यावर आणखी एक दिवस पसरूनच ठेवा.

टकळीवरच्या सुताला तुम्ही ‘थोडं जाडंबारीक निघालं’ म्हणून जवळपास माफी मागितली आहे. तसं करू नका. कताई ही विणकामाच्या आधीची वेगळी कला आहे आणि तिचं वर्ष वेगळं मोजावं लागतं. बारीक सुताचा दुपदरी ४०० मीटरचा लडा हवा असेल तर एकेरी सूत ८०० मीटरच्या वर कातावं लागतं, कारण दोन पदर एकमेकांभोवती पिळले की थोडी लांबी पिळातच जाते. मग पुन्हा उलट पीळ देताना ४०० मीटर हातातून जातं. म्हणजे एका लड्यासाठी १,२०० मीटरच्या वर सूत बोटांतून सरकतं. पहिल्या वर्षी लांबीचं उद्दिष्ट ठेवणं कातणाऱ्याचा धीर खचवतं. एकच पुंजका, एकाच जातीची लोकर घ्या. मध्यम लांबीच्या तंतूंची, सात ते बारा सेंटीमीटर, कॉरिडेल जातीच्या मेंढीची असते तशी लोकर शिकायला सगळ्यात दयाळू. मेरिनो घसरते, आणि कापसाचे तंतू इतके आखूड असतात की भरपूर पीळ वेळेवर पोचला नाही तर पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) हातातच तुटतो. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं काता. दर महिन्याला त्या महिन्याचं हातभर सूत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि तारीख लिहा. वर्षअखेरीस बारा पट्ट्या शेजारी शेजारी दिसतील. पीळ कधी स्थिरावला, तंतू ओढताना हाताची भीती कधी गेली, हे त्यावरून कळतं. पहिल्या महिन्याचं जाडंबारीक सूत जपून ठेवा. हात बसल्यावर तसं सूत मुद्दाम कातायला गेलं तर जमत नाही.

तुम्ही मनगटाबद्दल काही लिहिलेलं नाही, तरी विचारते. वर्षभरात बोटं बधिर झाली का, अंगठ्याच्या मुळाशी दुखलं का? असेल तर ते आढाव्यात पहिल्या ओळीवर आलं पाहिजे. दर पंचवीस-तीस मिनिटांनी सुया खाली ठेवायच्या, हात झटकायचे, मान वळवायची. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं, पुढच्या ओळीची वाट न बघता. ‘रोज विणणार’ असं उद्दिष्ट मी कुणालाच सुचवत नाही ते याच कारणाने. दुखत असतानाही ते माणसाला सुई उचलायला लावतं.

पुढचं वर्ष. २०८ तास मिळतील असं धरलं तर त्यातले १४५च्या आसपास, म्हणजे सत्तर टक्के, ठरवून टाका आणि उरलेले मोकळे ठेवा. त्या मोकळ्या तासांत अचानक आलेली भेटवस्तू, उसवून पुन्हा करावा लागलेला भाग आणि कुठल्याही योजनेशिवाय विणावंसं वाटलेलं काहीतरी मावतं. बाह्यांना १९ तास, मोज्याला १०, शालीला १९, ब्लँकेटच्या टोकांना आणि जोडणीला १५. सगळी अर्धवट कामं मिळून ६३ तास. उरले ८२. त्यात एक नवा स्वेटर आणि टकळीचे वीस तास बसतात. बस, एवढीच यादी. कागदावर ती फार लहान दिसेल. वाढवू नका.

शाल मात्र त्यात घ्यावी का, हे एकदा हातात घेऊन ठरवा. तो रंग, ती नक्षी अजून हवीशी वाटते का? नसेल तर उसवा, १९ तास मोकळे होतील. मी वर्षानुवर्षं पडलेल्या कामांबद्दल एक कडक नियम पाळते: ज्या कामाला हात लावल्यावर पुढची ओळ विणावीशी वाटत नाही ते माझ्या यादीत राहत नाही, कितीही झालेलं असलं तरी.

एक नवं तंत्र शिकायचं असेल तर ते मोठ्या वस्तूत शिकू नका. दोन रंगांची नक्षी शिकायची आहे म्हणून थेट दोन रंगांचा स्वेटर सुरू करणारे मुंढ्यापाशी अडकतात. आधी कानटोपी, मग पुन्हा कानटोपी, मग बोटमोजे. दोन रंगांत मागून जाणारे धागे आखडतात, कापड आवळतं, आणि नमुन्याचं माप एकरंगी कापडापेक्षा वेगळं येतं. मागचा धागा अडीच सेंटीमीटरपेक्षा लांब गेला की तो मध्ये अडकवायचा, हेही हाताला करून करूनच कळतं. पहिल्यांदा आपण कृती वाचत असतो, दुसऱ्यांदा कापड बघतो, तिसऱ्यांदा हात आपोआप चालतो. तीन लहान वस्तूंना मिळून तीस-चाळीस तास लागतात, आणि त्यानंतरचा स्वेटर न अडकता पुरा होतो. यादीत त्याची सोय करायची तर शालीचे तास आणि मोकळे तास त्यासाठी घ्या.

वहीत प्रत्येक कामापाशी थोडंच लिहा: सुरू केल्याची तारीख, सुईचा नंबर, धुतल्यानंतरचं माप, किती ग्रॅम गेलं, आणि काम बाजूला ठेवताना कुठल्या ओळीवर होते. शेवटची नोंद सगळ्यात कामाची. काम महिनाभरापेक्षा जास्त बाजूला राहणार असेल तर टाके सुईवर सोडू नका, मऊ सुती दोऱ्यावर काढा. सुईवर राहिलेल्या टाक्यांची ओळ ताणली जाते आणि धुतल्यावरही आडवी रेघ दिसत राहते.

सुरुवात बाह्यांपासून करा. धड विणून काही महिने झाले असतील तर हात आता त्याच सुईवर तसाच चालेल असं धरू नका. बाहीच्या पहिल्या दहा फेऱ्या विणा, सपाट ठेवून टाके मोजा आणि धडाशी ताडून बघा. घट्ट येत असेल तर पाव मिलिमीटर मोठी सुई घ्या, सैल येत असेल तर लहान. मुंढ्याखाली टाके उचलताना भोक पडतं तिथे दोन टाके जास्त उचला आणि पुढच्या फेरीत ते शेजारच्या टाक्यांत मिळवून टाका. टाके कमी करण्याच्या फेऱ्यांचे आकडे पहिल्या बाहीच्या वेळीच कागदावर उतरवा आणि तो कागद दुसऱ्या बाहीच्या सुईला अडकवून ठेवा.